लिस्बनच्या दप्तरातील एक नोंद

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी जेव्हा आम्हांस ‘परदेशगमनाचे अनुभव’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम अनमान केला. आम्ही प्रवासी नव्हे. आयुष्यातील बहुतेक काळ फोंडे महालाच्या सीमेबाहेर न पडता शाळामास्तरकीत गेला, आणि उतारवयात एकदा सात दिवस लिस्बन शहरी गेलो ते हवापालटासाठी किंवा देवदर्शनासाठी नव्हे, तर एका कागदासाठी. असल्या प्रवासाचे वर्णन ते काय करावयाचे? परंतु चिटणीस म्हणाले, “मास्तर, तुम्ही कागदाचेच सांगा. ऐकणारे पुष्कळ आहेत.”

ते खरे आहे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत आज हा विषय चालू आहे. मात्र तो उघड बोलला जात नाही. पानावर बसलेली मंडळी शेजारच्याच्या कानाशी लागून “त्यांच्या थोरल्याचे झाले काय हो?” असे विचारतात, आणि ‘कसले’ हे विचारण्याची कोणाला गरज पडत नाही. ज्याचे ‘झाले’ तो गप्प बसतो, ज्याचे ‘व्हायचे’ आहे तो अधिकच गप्प बसतो. आम्ही आज उघड बोलणार आहो. आणि आमच्या सौभाग्यवती समोर दुसऱ्या रांगेत बसल्या असल्यामुळे खोटे बोलण्याची सोय नाही.

प्रथम मुद्दा थोडक्यात सांगतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर भारत सरकारने १९६२ साली जो नागरिकत्वाचा हुकूम काढला, त्याअन्वये २० डिसेंबर १९६१ पूर्वी या भूमीत जन्मलेली माणसे, आणि ज्यांचे आईबाप किंवा आजेआजी येथे जन्मले तीही, त्या दिवसापासून भारताचे नागरिक ठरली. ज्याला हे नको असेल त्याने महिन्याच्या आत तसे लिहून द्यावे अशी सवलत ठेवली होती. आमच्या वडिलांनी अर्थातच असे काही लिहून दिले नाही. इकडे पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, ते तेथे २५ एप्रिल १९७४ ची क्रांती होऊन हुकूमशाही गेल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. पण मुक्तीपूर्वी येथे जन्मलेला मनुष्य जन्मतः आपला नागरिक होता ही गोष्ट त्यांच्या कायद्याने पुसून टाकली नाही. त्याच्या जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती दप्तरात उतरवून घेतली म्हणजे ते त्याला आपला मानतात, आणि मग त्याची मुलेही तो हक्क सांगू शकतात. म्हणजे एका माणसाविषयी दोन सरकारे बोलत आहेत. एक म्हणते, तू १९६१ पासून माझा. दुसरे म्हणते, तू जन्मापासूनच माझा, फक्त येऊन नाव सांग. भारताच्या १९५५ च्या कायद्यात मात्र दोन घरचा पाहुणा चालत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की येथले गेले. आणि परदेशाचा पासपोर्ट हाती घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. नुसती जन्मनोंद उतरवली तर काय, यावर विद्वान वकिलांचे वाद झालेले आहेत. आम्ही वकील नव्हे, आणि तिकडचे नियमही बदलत असतात. तेव्हा आमच्या भाषणावर विसंबून कोणी अर्ज करू नये.

आमची एकुलती एक कन्या नेदरलंडात नोकरीस आहे. दर काही वर्षांनी तिची परवानगी संपते, आणि परवानगी संपत आली की घरात तीन महिने कोणाला झोप नसते. तिने एकदा दूरध्वनीवर सहज म्हटले, “बाबा, तुम्ही दोघेही एकसष्टच्या आधीचे. तुमची नोंद झाली तर माझे हे धावणे थांबेल.” ती सहज म्हणाली, पण आईच्या कानाला सहज काहीच लागत नाही. आमचा जन्म १९५० चा, सौ.चा १९५४ चा, लग्न १९७६ चे. तिघी नोंदी लागत होत्या.

पणजीला आल्तिन्यावर पोर्तुगालची वकिलात आहे, तेथूनही ही कामे होतात. पण आम्ही शहाणे. आम्ही एक मध्यस्थ गाठला. त्याने कागद घेतले, पैसे घेतले, आणि दोन वर्षे “होईल, होईल” एवढेच शब्द दिले. पुढे तो शब्दही देईनासा झाला. कागद परत मिळवण्यासाठी त्याच्या दारी जे हेलपाटे घातले, त्यांचे वर्णन करून आपला वेळ घेत नाही. कागद मिळाले हे काय थोडे झाले! मग कन्येने तेथून दिवस ठरवून दिला, तिकिटे काढली, आणि आम्ही उभयता शेंगेन व्हिसासाठी अर्ज केला. यातील मौज आपल्या लक्षात आलीच असेल. आम्ही जन्माने पोर्तुगीज होतो हे पोर्तुगालला सांगण्यासाठी पोर्तुगालात पाऊल ठेवण्याची परवानगी प्रथम पोर्तुगालकडून घ्यावी लागली.

रविवार, १ ऑक्टोबर २०२३ रोजी आम्ही लिस्बनला उतरलो. पितृपक्ष चालू होता. “पक्षात कसले कागद करता?” असे वडीलधाऱ्यांनी विचारले होते, पण कचेरीचे दिवस पंचांग पाहून मिळत नाहीत. मोपाहून मुंबई, तेथून दुबई आणि मग लिस्बन. त्या विमानतळाला उंबेर्तू देल्गादू या सेनापतीचे नाव आहे. सालाझारच्या विरुद्ध १९५८ साली निवडणुकीस उभा राहिलेला आणि १९६५ साली मारला गेलेला हा पुरुष. ज्या राज्याच्या नावाने आमच्या लहानपणी सर्वजण आवाज खाली करीत, त्या राज्याच्या राजधानीच्या दारावर त्याच्या शत्रूचे नाव लावलेले पाहून आम्हांस जरा हलके वाटले, हे कबूल करतो.

कचेरी रुआ रोद्रिगो दा फोंसेका या रस्त्यावर आहे. विमानतळापासून निघणारी भुयारी आगगाडीची तांबडी शाखा सां सेबाश्तियांव या स्थानकाशी संपते. तेथून पायी थोडेच अंतर. सोमवारी सकाळी दार उघडण्याच्या आधीच आम्ही पोचलो, तो रांग लागलेली होती. ब्राझीलचे, आफ्रिकेतले, आणि आपल्याकडचे. आपल्याकडचा मनुष्य ओळखण्यास पारखी लागत नाही. कागदांची पिशवी छातीशी धरलेली असते, आणि दुसरा गोंयकार दिसला की तो आकाशाकडे पाहू लागतो. आमच्या पुढे उभे असलेले एक गृहस्थ बराच वेळ आकाशाकडे पाहात होते. शेवटी सौ.नेच त्यांना कोंकणीत “खंयचे तुमी?” म्हणून विचारले. गृहस्थ बारदेशचे, ख्रिस्ती. आणि मग तास दीड तास त्यांनी आम्हांस कोणता चिठ्ठीचा आकडा घ्यावयाचा, कोणत्या खिडकीशी बसावयाचे, हे इतक्या आपुलकीने सांगितले की विचारू नका.

आमची पाळी आली. खिडकीशी एक मध्यमवयीन बाई होत्या. आम्ही मुक्तीपूर्वी ‘प्रिमेइरु ग्राव’ उत्तीर्ण झालेलो. साठ वर्षांमागचे ते पोर्तुगीज बाहेर काढले, तेव्हा त्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. आमचा जन्मदाखला त्यांनी पाहिला. आपणांस ठाऊक आहे की जुन्या वहीतील नोंदीची अक्षरशः प्रत काढतात तिला आपल्याकडे ‘तेओर’ म्हणतात. त्या तेओरात आमच्या नावाच्या आरंभी ‘एक्स’ हे अक्षर आहे, कारण आमचे नाव ‘श’ने सुरू होते आणि पोर्तुगीजांत ‘श’ लिहितात तो ‘एक्स’ने. पुढे वडिलांचे नाव, पुढे ‘सिनाय’, म्हणजे आपला शेणवी, आणि मग गावावरून पडलेले आडनाव. १९७६ च्या विवाहनोंदीत इंग्रजी अमदानी आलेली, म्हणून ‘एक्स’ जाऊन तेथे ‘एस’ व ‘एच’ आले, सिनाय गळाला. आमची पक्की खात्री होती की येथेच गाडे अडणार. आमच्या ज्ञातीत हा गोंधळ कोणाच्या घरी नाही? कामत तेथे कामोतिम झालेले, प्रभू पोरोबो, पै पोय, भट बोटो. मुक्तीनंतर प्रत्येकाने आपापल्या मर्जीने नाव पुन्हा धुऊन घेतले. कोणी सिनाय टाकला, कोणी ठेवला, एका घरात थोरला भाऊ एक लिहितो आणि धाकटा दुसरे. पण बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट फिरवले आणि मान डोलावली. असले ‘एक्स’ त्यांनी पुष्कळ पाहिलेले असावेत.

गाडे अडले ते सौ.च्या कागदांवर.

तिचा जन्म १९५४ चा, नोंद वेळेवर केलेली, अक्षर मोत्यासारखे. विवाहनोंदीत तिचे माहेरचे नाव, कारण आपल्याकडे मुहूर्ताआधी नोंदणीच्या कचेरीत जाऊन दोनदा सह्या कराव्या लागतात, आणि तेव्हा वधू माहेरचीच असते. येथवर सर्व जुळले. मग बाईंनी पासपोर्ट उघडला आणि विचारले, “ही बाई कोण?”

आडनाव बदलते हे त्यांना समजत होते. नाव कसे बदलले हे समजेना. आम्ही आमच्या तोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगू लागलो की आमच्या रिवाजाप्रमाणे लग्नात ताटभर तांदूळ घेतात, वर त्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहितो, आणि त्या क्षणापासून वधूचे ते नाव होते. बाई ऐकत होत्या. शेजारच्या खिडकीतील तरुण लिपिकही लिहिणे थांबवून ऐकू लागला. बाई म्हणाल्या, “म्हणजे दुसरा बाप्तिस्मा?” आम्ही म्हणालो, “तसेच म्हणा.” त्या म्हणाल्या, “आमच्याकडे बाप्तिस्मा एकदाच होतो, सेन्योर. तांदळाचा काही दाखला आहे काय?”

दाखला कोठला? तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला होता.

बाईंचे म्हणणे न्यायाचे होते. जन्मलेली एक, सही करणारी तीच, पण समोर उभी असलेली वेगळ्या नावाची. या दोघी एकच आहेत असे कोणीतरी जबाबदारीने लिहून द्यावे. भारतीय वकिलातीने दिले तरी चालेल. आमच्या मध्यस्थाने असे काही लागत नाही असे शपथेवर सांगितले होते. आम्ही कागद आवरले. सौ. इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. बाहेर पडल्यावर म्हणाली, “सत्तेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला.” आम्हांस वाटले ती चिडली आहे. तिच्या तोंडाकडे पाहिले तो तसे दिसले नाही.

भारतीय वकिलात रेश्तेलू भागात आहे, आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव पेरू दा कोव्हिल्यां. वास्को द गामाच्या कितीतरी आधी खुष्कीने व तांबड्या समुद्रातून येऊन मलबार किनारा पाहून गेलेला हा हेर. त्याच्या नावाच्या रस्त्यावर आपला झेंडा! पण त्या सोमवारी तारीख होती २ ऑक्टोबर. गांधीजयंतीची सुट्टी. दार बंद. मंगळवारी गेलो, प्रतिज्ञापत्र लिहिले, ओळखीचे कागद दाखवले; बुधवारी या म्हणाले. बुधवारी सही-शिक्क्याचा कागद मिळाला, तोवर कचेरीची वेळ टळलेली. आणि गुरुवारी ५ ऑक्टोबर, त्यांच्या प्रजासत्ताकाची सुट्टी. एका कागदासाठी दोन राष्ट्रांच्या सुट्ट्या आड याव्यात हा योग आमच्याच पत्रिकेत.

बुधवारी दुपारी हात रिकामे होते. सौ. दमली होती, ती बिऱ्हाडी राहिली. आम्ही एकटेच जुन्या शहरात, मोठ्या देवळाच्या म्हणजे त्यांच्या ‘से’च्या बाजूस गेलो. तेथे आल्जूब नावाचा जुना तुरुंग आहे. सालाझारच्या राज्यात राजकीय कैद्यांना तेथे ठेवीत. २०१५ साली २५ एप्रिल या दिवशी तेथे प्रतिकाराचे संग्रहालय उघडले. आम्ही तेथे का गेलो, हे सांगावयास हवे. आमचे धाकटे काका १९५५ साली पकडले गेले आणि आग्वादच्या किल्ल्यात होते. ते लिस्बनपर्यंत आले नाहीत. त्यांच्याहून मोठी माणसे आली. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना पेनिशच्या किल्ल्यापर्यंत आणले होते. मोहन रानडे यांना तर लिस्बनजवळ काशियाशच्या तुरुंगात, गोवा मुक्त झाल्यावरही, १९६९ पर्यंत डांबून ठेवले. आमचे काका सुटून आले तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे. ते अंगणात बसून जेवत, घरात का येत नाहीत असे विचारले तर म्हणत, “भिंती नकोत.” मराठीतला ‘तुरुंग’ हा शब्द मूळ पोर्तुगीजांचा. पगार, चावी हेही त्यांचेच. तिन्ही शब्द त्यांनी आम्हांस दिले, आणि काकांच्या वाट्याला त्यांतला एकच आला.

त्या कोठड्यांच्या मापाच्या खोल्या पाहून आम्ही बाहेर आलो आणि पायरीवर बसून राहिलो. पिशवीत आमचा तेओर होता. काका हयात नाहीत. ते असते तर आम्ही हा कागद त्यांना दाखवला असता काय? दाखवला नसता. जो कागद काकांना दाखवता येत नाही तो लिस्बनच्या बाईंना का दाखवावा, हा विचार तेथे मनात आला आणि मग जाईना.

गुरुवारी सकाळी आम्ही उभयता नगरपालिकेच्या चौकात गेलो. १९१० साली याच दिवशी तेथल्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा झाली. ही गोष्ट आपल्या ज्ञातीने विसरण्यासारखी नाही. आपल्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात केळशीहून, कुठ्ठाळीहून देव उचलून नदीपार आणले. त्या काळापासून साडेतीनशे वर्षे राज्यकर्त्यांच्या लेखी हिंदू हा दुय्यम होता. धर्माकडे न पाहता सर्व नागरिक सारखे, हे प्रथम त्या प्रजासत्ताकाने म्हटले. आमचे आजोबा सरकारी नोकरीत शिरले ते त्यानंतरच. पुढे १९३० च्या वसाहतींच्या कायद्याने सालाझारने पुन्हा दुजाभाव आणला, हा भाग वेगळा. तेव्हा आम्ही ज्यांच्याविरुद्ध उभे होतो ते कोण, आणि ज्यांच्याकडे नोंद मागत होतो ते कोण, याचा हिशोब वाटतो तितका सरळ नाही. त्या दिवशी तेथे पंतप्रधानपदी असलेले अंतोनियु कोश्ता यांचे पितृकुल मूळ मडगावचे. २०१७ साली बंगळुरास आपल्या पंतप्रधानांनी त्यांना परदेशस्थ भारतीय नागरिकतेचे पत्र दिले होते. पोर्तुगालच्या पंतप्रधानाने अभिमानाने भारताचे पत्र घ्यावे आणि फोंड्याच्या शाळामास्तराने चोरून पोर्तुगालचे!

दुपारी लुमियार भागातील राधाकृष्णाच्या मंदिरात गेलो. ते बांधणारी मंडळी बहुतेक गुजराती. दीवची माणसे मोझांबिकला गेलेली, आणि १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर तेथून लिस्बनला आलेली. तेथे पोटभर शाकाहारी जेवण मिळाले. चार दिवस पाव खाऊन काढल्यावर भाताचे ते ताट पाहून सौ.च्या डोळ्यांत पाणी आले, आणि ताटातल्या तांदळावरून गोष्ट पुन्हा नावावर आली.

आम्ही म्हणालो, “मी माझा कागद देणार नाही. आई किंवा बाप, एकाची नोंद असली तरी मुलीला पुरते. तुझी होऊ दे.”

सौ.ने घास ताटात ठेवला. “काल आल्जूबला जाऊन आलात म्हणून?”

“काकांना काय वाटले असते?”

“आणि मला काय वाटते ते?” ती म्हणाली. “तुमचा देश तुमच्यापाशी राहील, काकांचा मान राहील, आणि मुलीचे काम माझ्या नावावर होईल. अहो, बाणा तुमचा आणि किंमत माझी.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. बंधूंनो, पंचेचाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. पण तिने एका वाक्यात जे दाखवले ते आम्हांस दिसले नव्हते. आम्ही म्हणालो, “मग दोघांचेही राहू दे. परत जाऊ.”

“परत कशाला?” ती म्हणाली. “एका दिवसात माझे नाव बदलले, गाव बदलले, गोत्र बदलले. मला कोणी विचारले होते काय, तुझी निष्ठा कुणाकडे? मी दोन्ही घरे सांभाळली. मुलीसाठी आणखी एका वहीत नाव गेले तर मी काही कोणाची शत्रू होत नाही. कार्ड घ्यायचे नाही, पासपोर्ट घ्यायचा नाही. तेवढे मला कळते. पण तुम्ही तुमच्या मनाने करा. माझ्यासाठी करू नका, आणि माझ्या आड लपूही नका.”

शुक्रवारी सकाळी पुन्हा तीच रांग, पुन्हा त्याच बाई. वकिलातीचा कागद त्यांनी वाचला, खाली-वर शिक्के पाहिले, अपॉस्टिल पाहिले. सौ.चा तेओर हाती घेतल्यावर त्या क्षणभर थांबल्या. पान सगळे पोर्तुगीज, पण तळाशी जन्माची वर्दी देणाऱ्याची सही मात्र बाळबोध अक्षरांत होती. “हे काय लिहिले आहे?” सौ.ने सांगितले, “माझ्या वडिलांचे नाव.” आमचे श्वशुर दुकानदार होते; पोर्तुगीज येत नसे, पण मुलगी झाली तेव्हा दुकान बंद ठेवून, दोन साक्षीदार घेऊन, ते कचेरीत गेले होते. मुलाची नोंद करणारे आणि मुलीची राहून जाऊ देणारे बाप त्या काळी पुष्कळ होते. या एका गोष्टीसाठी तरी आम्ही त्या गृहस्थांस नमस्कार करतो; त्यांच्या हयातीत जरा कमीच केला.

बाईंनी शेवटी आमच्याकडे पाहिले. “आणि आपण? आपलाही जन्म पन्नासचा, गोव्याचा. आपला कागद?”

आम्ही पिशवीला हात लावला. सौ. दुसरीकडे पाहात होती. मुद्दामच पाहात होती. आम्ही म्हणालो, “माझा राहू द्या.” बाईंनी कारण विचारले नाही. विवाहाच्या नोंदीत वराच्या राष्ट्रीयत्वाच्या जागी त्यांनी ‘भारतीय’ असे लिहिले. म्हणजे आज लिस्बनच्या दप्तरात आमची पत्नी त्यांची, आणि आम्ही तिचे परकीय यजमान.

हे आम्ही बरोबर केले की चूक, हे आजही सांगता येत नाही. सौ.ने म्हटले तसे तिच्या आड आम्ही लपलो, हे खोटे नाही; आणि पायरीवर बसून जे वाटले तेही खोटे नव्हते. तरुण मंडळी आम्हांस येऊन विचारतात, “मास्तर, करावे की करू नये?” त्यांना आम्ही एवढेच विचारतो की तुझ्या घरात हे कोणाच्या नावावर करणार आहेस, आणि त्या माणसाला विचारलेस काय? पुष्कळांनी विचारलेले नसते. म्हातारी आई असते, अंगठा उमटवते, आणि पुढे निवडणुकीच्या यादीतून नाव गेले की दारात बसून शेजाऱ्याला विचारते, “मी काय केले?”

नोंद होऊन आली ती २०२५ च्या फेब्रुवारीत, सोळा महिन्यांनी. कन्येचा अर्ज आता पुढे गेला आहे. तिचे तिने ठरवावयाचे आहे. टपालाने आलेला तो कागद आम्ही दिव्याखाली धरून वाचला. त्यावर सौ.चे माहेरचे नाव होते, तांदळाच्या आधीचे. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणपन्नास वर्षे होत आली होती, आणि तिचे आईवडील गेल्यापासून त्या नावाने तिला हाक मारणारे कोणी उरलेले नव्हते. ते नाव येथे व्यासपीठावरून उच्चारण्याची आम्हांस परवानगी नाही.

त्या संध्याकाळी ती तुळशीपाशी दिवा लावीत होती. आम्ही ओटीवरून त्या नावाने हाक मारून पाहिली. पहिल्या हाकेला तिने मागे वळूनही पाहिले नाही. दुसऱ्यांदा मारली, तेव्हा ओ दिली.